रॉझ पेथरिकचा डोह

रॉझ पेथरिक विशीत असताना निम्बिन गावाच्या मागच्या डोंगरात आली, ती शनिवार-रविवारपुरती. आता साठी जवळ आली होती आणि तो रविवार अजून संपायचा होता. मधल्या काळात तिचा एक संसार झाला आणि मोडला, बकऱ्या पाळून झाल्या, त्या बकऱ्यांनी शेजाऱ्यांची केळी खाऊन झाली, आणि उरलेला सगळा वेळ उजेडात गेला.

उजेड हा तिचा धंदा होता, निदान ती तसं म्हणायची. सुरुवातीला तिच्याकडे कुठल्याशा शाळेने टाकून दिलेला एक प्रोजेक्टर होता आणि घड्याळाच्या काचेच्या दोन वाट्या. एका वाटीत तेल, दुसरीत रंगवलेलं पाणी. वाटीवर वाटी ठेवून बोटांनी दाबायची की समोर झाडांमध्ये टांगलेल्या चादरीवर रंग श्वास घ्यायला लागायचे. हे सगळं डूफसाठी. डूफ म्हणजे रानात मोकळी जागा बघायची, स्पीकरची भिंत उभारायची आणि तिच्यासमोर दोन-तीन दिवस पाय आपटायचे. आलेल्या बहुतेकांनी येताना काहीतरी पोटात टाकलेलं असायचं. त्यांना रॉझच्या चादरीवर देव दिसायचा, वारलेले आजोबा दिसायचे. एकाला तर आयकर कार्यालय दिसलं होतं, आणि ते फार सुंदर होतं असं तो अजून सांगतो. स्वतः रॉझने चाळिशीतच सगळं सोडलं. त्यामागे काही तत्त्व नव्हतं, पोटाला झेपेना एवढंच.

मग हेडसेट आले. डोळ्यांवर चढवायचं ते खोकं पहिल्यांदा लावलं तेव्हा तिला वाटलं, आपण आजवर चादरीच्या चुकीच्या बाजूला उभे होतो. इथे माणूस थेट रंगाच्या पोटातच जाऊन बसत होता. ती कोड लिहायला शिकली, ते पन्नाशीनंतर, शेडमध्ये, पत्र्यावर पोसम नावाच्या रानप्राण्यांची पळापळ चालू असताना. आणि जे करायचं ते ब्राउझरमध्येच करायचं हे तिने पहिल्या दिवशी ठरवलं. दुकान नको, परवानगी नको, काही उतरवून घ्यायची भानगड नको. लिंक पाठवली, समोरच्याने उघडली, की झालं. शिवाय ब्राउझरमधलं पान कुणालाही उलटून बघता येतं, आत काय घातलंय ते वाचता येतं, उचलून नेता येतं. ओढ्याकाठच्या ज्या सामायिक जमिनीवर ती राहायची तिथल्या स्वयंपाकघरासारखंच हे होतं, कुणीही यावं आणि झाकण उचलून बघावं. प्रत्येक पानाच्या तळाशी ती लिहायची: घ्या, बदला, पुढे द्या.

या सगळ्यातून ‘डोह’ झाला. त्याला तिची काही वर्षं लागली. डोह उघडला की तुम्ही पाण्याच्या तळाशी बसलेले असता. वरून उजेड झिरपतो, त्याची नेची होतात, नेच्यांचे डोळे होतात, डोळ्यांची खवलं होतात, आणि हे सगळं तुमच्या श्वासाच्या लयीत उघडतं-मिटतं, कारण श्वास घेताना डोकं किंचित हलतं आणि ते खोक्याला कळतं. बरोबर मधोमध रॉझने एक लाकडी खांब रोवला होता. राखाडी, साधा. तो हलत नसे, रंग बदलत नसे, काहीच करत नसे. सगळंच हलायला लागलं की शरीराला निदान एक गोष्ट अशी लागते जी हलत नाही, हे ती चादरींच्या काळापासून जाणून होती.

खांबाला विरोध केला तो गार्थ मल्काहीने. गार्थ दर वसंतातला डूफ भरवतो. डावा कान स्पीकरपायी गेला आहे, त्यामुळे त्याला आपलं म्हणणं तेवढं नीट ऐकू येतं.

“तो खांब काढ,” तो म्हणाला.

“का?”

“लोक त्याच्याकडेच बघत बसतात. एवढा स्वर्ग उभा केलास आणि मध्ये कुंपणाचा डांब.”

“तो धरायला आहे, गार्थ.”

“धरायचं असतं तर घरी बसली असती की माणसं. सोडायला येतात ती इथे. तू पण म्हातारी व्हायला लागलीस बघ.”

हे शेवटचं लागलं. तिने खांब काढला.

खांब गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता तळही कलता करता येईल. खांब असता तर चोरी पकडली गेली असती. तिने डोहाचा तळ डावीकडे कलवला, इतका हळू की डोळ्याला पत्ता लागू नये. डोळ्याला लागत नाही, पण शरीर मुकाट्याने सावरत राहतं, आणि शेवटी शेवटी माणसाला वाटतं की आपलं वजनच गेलं. तिच्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम होतं. तसं ती कुणाला बोलली नाही, पण ते वाक्य घेऊन ती काही दिवस त्या सामायिक जमिनीवर फिरत होती, आणि ते लोकांना दिसत होतं.

मग तिने डोह जमिनीवरच्या मंडळींना दाखवला. नवं काही झालं की आधी घरच्यांना दाखवायचं, ही पद्धतच होती.

“वाट लागली माझी,” पहिला म्हणाला आणि तिला मिठी मारली.

“काल दिवसभर पायाखाली जमीन नव्हती गं, रॉझ.”

“मी तर उलटी केली.” हे सांगताना त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, कृतज्ञतेचं.

यापेक्षा मोठी दाद त्या डोंगरात नाही. रॉझने ती सगळी मनाच्या एकाच खणात ठेवली.

त्याच दिवसांत क्लोव्हर शिडी मागायला आली. क्लोव्हर म्हणजे शेजारीण वेनची मुलगी. ती याच जमिनीवर जन्मली, इतर मुलांसारखी आईला नावाने हाक मारत वाढली, आणि मोठी झाल्यावर आपल्या परीने बंड केलं. म्हणजे जवळच्या लिझमोर शहरात जमीन मोजणाऱ्यांच्या ऑफिसात नोकरीला लागली. इस्त्रीचे शर्ट घालते. दारू नाही, गांजा नाही, कॉफीसुद्धा नाही. वेनने हे दुःख फार धीराने सोसलं होतं.

“शिडी नेशील, पण आधी हे बघ,” रॉझ म्हणाली.

“मला कामं आहेत, रॉझ.”

“वीस मिनिटं. तुझ्यासारखं कोरं डोकं मला कुठे मिळणार?”

क्लोव्हर बसली. बाहेर आली तेव्हा शेडच्या दारात चौकट धरून उभी राहिली.

“रॉझ, मला जमीन वाकडी दिसतेय.”

“थँक यू, राणी,” रॉझ म्हणाली आणि तिच्या गालाचा मुका घेतला.

शिडी न्यायची क्लोव्हर विसरली.

त्यानंतर काही आठवड्यांनी वेन फाटकाजवळच्या पत्रपेट्यांपाशी भेटली. वेन एरवी बोलताना समोरच्याच्या कपाळावरून हात फिरवणारी बाई. त्या दिवशी तिचे हात खिशात होते.

“क्लोव्हर कामावर जात नाहीये, ठाऊक आहे तुला?”

“सुट्टी घेतलीय का?”

“सुट्टी कसली? उभं राहवत नाही तिला. गाडी चालवायला बसली तर रस्ता डावीकडे उतरतोय म्हणते. रस्ता सरळ आहे, रॉझ. या भागात सरळ असलेली ती एकच गोष्ट आहे.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“कानाच्या आतलं म्हणाले. विषाणू असेल, नसेल. बघू म्हणाले. पण तुझ्या त्या खोक्यातून उठली तेव्हापासूनचं आहे हे, ते मला डॉक्टरने सांगायला नको.”

विषाणू हा शब्द रॉझने घरी नेला आणि काही दिवस जपून वापरला. गार्थला तो फारच आवडला.

“विषाणूच तो. लिझमोरमध्ये चाललंय काहीतरी. आणि ती पोरगी, वाईट नको वाटून घेऊ, पण ती लहानपणापासून ताठच. ज्याने आयुष्यात कधी काही सोडलं नाही त्याला थोडं सुटलं तरी आजार वाटतो.”

“बाकी कुणाला काही झालं नाही,” रॉझ म्हणाली.

“तेच म्हणतोय मी.”

बाकीच्यांना झालं असतं तर त्यांनी आभारच मानले असते, हा विचार तिच्या मनात आला आणि तो तिने पुढे जाऊ दिला नाही. डूफ तोंडावर आला होता. गार्थने डोहासाठी वेगळा तंबू ठरवला होता, दारावर तिचं नाव लावून. आजवर तिचं नाव कधी कशावर लागलं नव्हतं. चादरींवर नाव नसतं.

शेवटी भोपळ्याचं सूप घेऊन ती वेनकडे गेली. क्लोव्हर व्हरांड्यात गादीवर आडवी होती. एक हात व्हरांड्याच्या खांबावर होता, सहज ठेवल्यासारखा. तो सहज ठेवलेला नव्हता.

“सूप आणलंय.”

“ठेव. कुठे ठेवतेस ते मात्र सांग, मला वाटतंय ते घरंगळणार.”

“नाही घरंगळणार.”

“माहितीये मला. माहीत असण्याचा काही उपयोग होत नाहीये.” क्लोव्हरने खांबावरची पकड बदलली. “आमच्या ऑफिसवाल्यांनी फोन केला होता. चांगले आहेत ते. पण रॉझ, माझं काम काय आहे? सपाट काय आणि सपाट काय नाही ते लोकांना सांगायचं. मी यंत्रात बघते, यंत्र म्हणतं सपाट, आणि माझं पोट म्हणतं, खोटं बोलतंय. ज्या दिवशी मी पोटाचं ऐकेन त्या दिवशी कुणाचं तरी घर ओढ्यात जाईल.”

“बरं होईल गं.”

“एक विचारू? त्या तुझ्या डोहात मुद्दाम काही कलतं ठेवलंयस का?”

नाही म्हणायला सोपं होतं. सूप निवत होतं, वेन आत भांडी आपटत होती, आणि विषाणू हाताशी होता.

“थोडं,” रॉझ म्हणाली.

“किती थोडं?”

“कळू नये इतकं.”

“मला कळलं की.”

“तुला नाही कळलं, क्लोव्हर. कळलं असतं तर तू खोकं काढून फेकलं असतंस आणि मला चार शिव्या दिल्या असत्यास. तुझ्या शरीराने ते निमूट मानलं.”

क्लोव्हर उठून बसली. “मला शेडमध्ये ने.”

“आत्ता? तुला चालवत नाही.”

“तुम्ही दोघी आहात ना.”

तशा त्या तिघी निघाल्या, मधे क्लोव्हर, एका बाजूला वेन, दुसऱ्या बाजूला रॉझ. घाणेरीच्या जाळ्यांमधली तेवढीशी पायवाट, पण क्लोव्हर प्रत्येक पाऊल गोठलेल्या तळ्यावर टाकावं तसं टाकत होती. वाटेत एक जळू क्लोव्हरच्या बुटावर चढली. ती वेनने खाली वाकून काढली आणि जरुरीपेक्षा जास्त जोरात भिरकावली.

शेडमध्ये आल्यावर क्लोव्हरने हात सोडवून घेतले. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे एक फळी होती, वर रंगांच्या जुन्या बाटल्या.

“ही नवी दिसतेय.”

“हो, हिवाळ्यात लावली. मीच.”

क्लोव्हरचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांत तो तसा झाला नव्हता. “ही सरळ आहे,” ती म्हणाली. “वेन, ही सरळ दिसतेय मला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सरळ दिसतंय.”

वेन फळीकडे बघत होती. मग तिने रॉझकडे पाहिलं, मग परत फळीकडे.

“राणी,” ती मुलीला म्हणाली, “ती फळी वाकडी आहे.”

“नाही गं,” रॉझ आणि क्लोव्हर एकदम म्हणाल्या.

“मला वाटलं तू मुद्दाम तशी लावलीयस, रॉझ. कलाकार माणूस, म्हणून बोलले नाही.”

क्लोव्हरने इकडेतिकडे बघितलं. अवजारांच्या टोपलीत रॉझची पाणसळ पडली होती, धुळीने माखलेली. तिने ती शर्टाला पुसून फळीवर आडवी ठेवली. आतला बुडबुडा जराही न घुटमळता एका टोकाला गेला आणि तिथेच बसून राहिला. फळी डावीकडे उतरत होती. बाटल्या घसरल्या नव्हत्या, कारण रॉझने त्यांच्या पुढे एक पट्टी ठोकली होती. ती का ठोकावीशी वाटली हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

रॉझ फळीकडे बघत होती. बुडबुडा तिला दिसत होता, त्याचा अर्थही समजत होता, आणि फळी सरळ होती. तिने डोळे मिटून उघडले. फळी सरळच होती. डोह करताना ती रोज त्यात तासन्‌तास बसली होती. तिला कधी काही झालं नव्हतं, असं ती सगळ्यांना सांगायची. काही झालं नव्हतं कारण होऊन गेलेलं होतं.

“म्हणजे विषाणू नाही,” क्लोव्हर म्हणाली.

“विषाणू फळ्या लावत नाही,” वेन म्हणाली. हे ती रॉझकडे बघून म्हणाली.

रॉझने त्याच दुपारी डोह उतरवला. लिंक उघडली की नुसतं पांढरं पान येईल असं केलं. पण तोवर पानाच्या तळाशी लिहिलेली ओळ आपलं काम करून बसली होती. मेलबर्नच्या एकाने डोह उचलून आपल्या पानावर लावला होता. तिने त्याला कळवलं की यात धोका आहे. त्याचं प्रेमळ उत्तर आलं: आम्ही कल आणखी वाढवलाय, बघच तू.

मग ती गार्थकडे गेली. तो मैदानावर तंबूच्या खुंट्या ठोकत होता.

“डोह दाखवायचा नाही, गार्थ.”

“माझ्याकडे प्रत आहे. हेडसेटमध्ये भरून ठेवलीय.”

“माहीत आहे. ती पुसून टाक.”

“तू काय लिहिलंस खाली? घ्या, बदला, पुढे द्या. मी घेतलं. आता पुढे देतोय.” तो खुंटीवर हातोडा मारून थांबला. “लोक इतक्या लांबून त्याच्यासाठी येतायत, रॉझ. एका पोरीला चक्कर आली म्हणून?”

“मलाही झालंय.”

“तुला काय झालंय?”

तिने फळीचं सांगितलं. गार्थने नीट ऐकून घेतलं, चांगला कान पुढे करून, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर पसरला.

“कायमचं?” त्याने विचारलं. “म्हणजे काही न घेता? बाई, तू काय केलंस तुला कळतंय का?”

डूफच्या दिवशी दुपारी ती तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. वर तिचं नाव लावलेलं होतं. ते काढायला गार्थने हरकत घेतली असती असं नाही, पण तिने काढलं नाही. ऊन चढलं होतं, मैदानाच्या टोकाला ढोल चालला होता, मसूर शिजल्याचा वास येत होता. रांग लागायला लागली तशी ती एकेकाला सांगायला लागली.

“आत जाऊ नका. जमीन वाकडी होते आणि मग सरळ होत नाही.”

“खरंच?” पिसांची टोपी घातलेली मुलगी म्हणाली.

“एक मुलगी अजून गाडी चालवू शकत नाही.”

“किती दिवस झाले?”

“आठवडे झाले.”

मुलगी मागे वळली आणि मैत्रिणीला हाक मारली. “अगं ये लवकर, आठवडे टिकतं म्हणे.”

रॉझ बोलत गेली तशी रांग वाढत गेली. तिने उलट्यांचं सांगितलं, तर मागचे पुढे सरकले. तिने फळीचं सांगितलं, तर एकाने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. तिने क्लोव्हरच्या नोकरीचं सांगितलं. त्यावर एक दाढीवाला म्हणाला, “सुटली बिचारी.” पहिले काहीजण आत जाऊन बाहेरही आले, दोरांना धरत, हसत. त्यातल्या एकाने तिच्यासमोर गुडघे टेकले. ते भक्तीने की तोल जाऊन, हे तिला ठरवता येईना.

ती खुर्चीवरून उठली, पाणी प्यायली, आणि परत येऊन बसली. पुढे एक जोडपं उभं होतं.

“तूच केलंस ना हे?” बाईने विचारलं. “कसं आहे?”

रॉझने तंबूकडे पाहिलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “छान रंग आहेत.”

“म्हणजे होतं काय त्यात?”

“विशेष काही नाही. पाणी आहे, उजेड आहे. लहान मुलांना आवडतं. माझ्या बहिणीला झोप लागली.” तिला बहीण नव्हती. “जुनंच आहे सगळं, आपण चादरीवर करायचो तेच. गार्थ भला माणूस आहे, त्याने जुन्या ओळखीखातर तंबू दिला.”

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. पुरुषाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, फार मायेने. “पुढच्या वेळी जमेल,” तो म्हणाला. ते चहाच्या तंबूकडे गेले. त्यांच्या मागच्यांनी ते ऐकलं होतं, तेही गेले. रांगेतून कुजबुज मागे सरकत गेली आणि जिथे पोचली तिथली माणसं पांगत गेली. पिसांची टोपी शेवटपर्यंत थांबली होती.

“पण तू मघाशी म्हणालीस...”

“लोक यावेत म्हणून म्हणाले गं,” रॉझ म्हणाली.

मुलगी लाजली, म्हणजे रॉझच्या वतीने लाजली, आणि निघून गेली.

थोड्या वेळाने गार्थ आला. त्याने रिकामी जागा पाहिली.

“काय सांगितलंस त्यांना?”

“कंटाळवाणं आहे म्हणून सांगितलं.”

डोहाला गार्थ काहीही म्हणू शकला असता, हे सोडून. “हे सगळीकडे जाणार,” तो म्हणाला. “मेलबर्नपर्यंत जाईल. यापुढे कुणी तुझं काही लावणार नाही.”

“मेलबर्नपर्यंत जाईल असं वाटतं तुला?”

“इथून वाईट बातमी लवकर जाते.”

“जाऊ दे,” ती म्हणाली.

तो आत गेला नाही, हेडसेटही काढून आणले नाहीत. नुसता स्पीकरांकडे निघून गेला. खोकी आत तशीच चालू होती, त्यामुळे रॉझला उठता येईना. उन्हं उतरेपर्यंत अधूनमधून एखादा नवखा यायचा, नावाची पाटी वाचायचा, कसं आहे म्हणून विचारायचा, आणि ती सांगायची. सुरुवातीला शब्द शोधावे लागत होते. नंतर नंतर तिच्या आवाजात असा पटण्यासारखा कंटाळा यायला लागला की पुढचं वाक्य ऐकायलाही कुणी थांबेना.